गोगलगायी, दिवाळीपर्यंत

तिसरी गोगलगाय उलटी पडलेली मला दिसली तेव्हा नाना आंघोळीला गेले होते. मी बाही कोपराच्या वर सारली, काचेच्या टाकीत हात घातला आणि तिला उचललं. नाकाजवळ नेलं आणि तितक्याच घाईने लांब धरलं. मेलेल्या गोगलगायीचा वास ज्याने घेतला नाही, त्याने तो घेण्याच्या भानगडीत पडू नये. न्हाणीघरातला नळ बंद झाला. मी ती कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये कोंबली आणि नाना डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी सोफ्यावर पेपर उघडून बसले होते.

"किती दिसतायत?" त्यांनी विचारलं.

"दोन काचेवर आहेत. बाकीच्या दगडांमागे असतील."

नाना टाकीपुढे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मी पेपरातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. शेवटी ते कपडे करायला आत गेले. मी लगेच निघाले. घरी पोचेपर्यंत रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, ठाण्यात नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटे राहत होते. मी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझा धाकटा भाऊ उपेंद्र बंगलोरला. आमच्या दोघांच्या काळजी करण्याच्या पद्धती वेगळ्या. मी काळजी करते म्हणजे नुसती करतच बसते. अवेळी फोन वाजला की उचलायच्या आधीच वाईट बातमी ठरवून टाकते. उपेंद्र काळजी करत नाही, तोडगा काढतो. त्या वर्षी नाना दूध गॅसवर ठेवून खाली भाजी आणायला गेले आणि तिथेच कोणाशी तरी गप्पा मारत उभे राहिले. शेजारच्या गुप्त्यांनी धूर पाहून कुलूप तोडलं. उपेंद्रचा तोडगा त्याच आठवड्यात तयार झाला. घर भाड्याने द्यायचं आणि नानांनी बंगलोरला यायचं, कायमचं.

नाना म्हणाले, मी येणार नाही, दूध कोणाचंही करपतं. उपेंद्र म्हणाला, आज दूध, उद्या काय? मी दोघांच्या मध्ये फोन धरून बसायचे आणि मला दोघांचंही पटायचं. हे माझं जन्माचं दुखणं आहे.

त्यात नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवलेली. पट्टी काढल्यानंतर तपासणीला गेलो, तर डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. आत खडक, खडकांवर डोलणारी जिवंत पोवळी, वरून निळा उजेड. नाना तिच्यासमोर जे उभे राहिले ते त्यांचं नाव पुकारलं तरी हलेनात. मला म्हणाले, असा निळा किती वर्षांत पाहिला नव्हता गं. आणि घरी येताना रिक्षात म्हणाले, आपल्याकडे अशी टाकी ठेवता येईल का? आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी कौतुकाने ती उपेंद्रला सांगितली आणि सांगून चुकले.

त्याने दोन दिवस सगळं वाचून काढलं आणि नानांना फोन केला. मी शेजारी होते, फोनचा आवाज मोठा ठेवलेला.

"नाना, टाकी घ्या. सगळं सामान मी पाठवतो. पण टाकी साफ ठेवायला त्यात बारके जीव सोडतात, गोगलगायी, खेकडे वगैरे. ते दिवाळीपर्यंत जगवून दाखवायचे. अर्धे जरी राहिले तरी मी बंगलोरचं नाव काढणार नाही. नाही राहिले तर तुम्ही यायचं."

"मासे नाही?"

"मासे कोणीही जगवतो."

नानांनी चष्मा काढून पुसला. ऑपरेशननंतर चष्म्याची त्यांना फारशी गरज नव्हती, सवय होती. "शब्द?" त्यांनी विचारलं. "शब्द," उपेंद्र म्हणाला. फोन ठेवल्यावर मी नानांना फैलावर घेतलं, की राहत्या घराची पैज कोणी गोगलगायींवर लावतं का? ते म्हणाले, मग कशावर लावू, दुधावर?

पहिले काही आठवडे टाकीत नुसतं मिठाचं पाणी आणि खडक. मग दोन नारिंगी मासे आले. मग खडकांवर आणि काचेवर तपकिरी बुरा धरायला लागला, आणि आम्ही मुलुंडच्या दुकानात गेलो. दुकान कोयंडेबाईंचं. मूळच्या मालवणच्या. गिऱ्हाइकाला माल विकण्यापेक्षा माल नाकारण्यात त्यांना जास्त समाधान मिळत असावं. नानांना एक वाळूच्या रंगाचा तारामासा फार आवडला. बाई म्हणाल्या, तो मिळणार नाही, नव्या टाकीत त्याला खायला काही नसतं, दोन-तीन महिन्यांत भुकेने आपोआप विरघळतो. विरघळतो हा शब्द ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले.

नानांनी प्रत्येक गोगलगाय हातात घेऊन पाहिली. काचेवर चढणाऱ्या वेगळ्या, वाळूत दडून राहणाऱ्या वेगळ्या. वाळूतल्या नुसती सोंड बाहेर काढून पडून असतात आणि खाण्याचा वास आला की भराभर वर येतात. शंख पाठीवर घेऊन फिरणारे दोन खेकडे बाईंनी दिले, पण बरोबर मूठभर मोठे रिकामे शंखही दिले. खेकडा वाढला आणि त्याला नवीन शंख मिळाला नाही, तर तो गोगलगायीला मारून तिचं घर घेतो, त्या म्हणाल्या. घर घेतो म्हटल्यावर नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मला काही हसू आलं नाही. शेवटी एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोलंबी घेतली. आम्ही सीकेपी, मासळीवर वाढलेले. कोलंबीचं खडखडलं शिजत असलं की आमच्याकडे वासावरून ओळखतात, आणि आता तिच्यासाठी पिशवीत प्राणवायू भरून न्यायची वेळ आली होती.

"एक लक्षात ठेवा," निघताना कोयंडेबाई म्हणाल्या. "लोक यांना झाडूवाले समजून नेतात आणि उपाशी मारतात. नव्या टाकीत इतकी घाण नसतेच. हात राखून, पण रोज खायला घाला. आणि पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून कमी झालेलं पाणी रोज गोडं भरायचं. पाणी शुद्ध करायच्या मशीनचं, नळाचं नाही."

"म्हणजे घरात कचरा नाही म्हणून झाडूवाल्यालाच जेवू घालायचं," नाना म्हणाले. बाई पहिल्यांदा हसल्या.

घरी आल्यावर पाहुण्यांना एकदम टाकीत सोडायचं नव्हतं. त्यांचं पाणी आणि टाकीचं पाणी हळूहळू एक व्हावं लागतं. नानांनी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली, टाकीतून खाली पाहुण्यांच्या बादलीत सोडली आणि तिला गाठ मारून थेंब थेंब पाणी पडेल असं केलं. सलाईनची नळी त्या घरात आईच्या आजारपणात शेवटची आली होती. मला ती बघवेना, म्हणून मी चहा करायला गेले. नाना मात्र बादलीशेजारी पाट टाकून बसले आणि दोन्ही खेकडे चालायला लागल्याशिवाय उठले नाहीत.

मग त्यांचा दिवसच त्या टाकीभोवती फिरायला लागला. समुद्री शेवाळाचे वाळवलेले, कागदासारखे तुकडे असतात, ते प्लॅस्टिकच्या चिमट्यात धरून काचेला लावायचे. एक दिवसाआड उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. खेकड्यांना आठवड्यातून दोनदा आमच्या डब्यातले सोडे, सुकवलेली कोलंबी, भिजवून नखाएवढी. राहिलेलं खाणं संध्याकाळी काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं. एका जातीच्या गोगलगायीला उलटं पडलं की सुलटं होता येत नाही, तिथेच मरते. नाना तासातासाने टाकीत डोकावायचे आणि पडलेलीला उचलून काचेवर चिकटवायचे. मी फोन केला की ते स्वतःचं काही सांगत नसत. आज अमकी इथपर्यंत चढली, तमकीने पालक खाल्ला, कोलंबीने कात टाकली. आवाज ऐकून मला बरं वाटायचं. नवरात्रापर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग पहिली मेली. मला वाटलं, जायचीच एखादी. दुसरी मेली तेव्हा मी खेकड्यांवर संशय घेतला आणि आणखी रिकामे शंख आणून टाकले. पण खेकडे आपल्या जुन्याच शंखात बसून होते, तेही फारसे हलेनासे झाले होते. काचेवरच्या गोगलगायी वर चढायच्या थांबल्या. वाळूतल्या खाणं टाकलं तरी वर येईनात. मासे मात्र मजेत गोल गोल फिरत होते, आणि मला त्यांचा राग यायला लागला.

तिसरीनंतर माझ्या मनात जे यायला नको होतं ते आलं. नाना विसरत असतील का? खायला घालायचं विसरत असतील, किंवा घातलेलं विसरून पुन्हा घालत असतील? मी त्यांच्या नकळत सोड्यांच्या डब्यावर खूण करून ठेवली. शेवाळाचे कागद मोजले. बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारायचे, काल काय जेवलात, गुप्ते कधी येऊन गेले, आज वार कोणता. एका संध्याकाळी नानांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"माझी परीक्षा चाललीय का निरू?"

"नाही हो नाना. काहीतरीच काय."

"आज गुरुवार. काल मुगाची खिचडी खाल्ली. तुझ्या धाकट्या नणंदेचं नाव वृंदा आणि ती मला आवडत नाही. आणखी काही?"

मी ओशाळले. पण गप्प बसले तरी आतली भीती गप्प बसेना. वाराचं नाव सांगता येणं वेगळं आणि गॅस बंद करणं वेगळं, असं उपेंद्रच्या आवाजात मला ऐकू यायला लागलं. मी दुसऱ्याच दिवशी मुलुंडला जाऊन गोगलगायी आणल्या आणि नाना दुपारचे झोपले असताना सोडून दिल्या. नळी, थेंब थेंब पाणी, सगळं केलं. त्याही आठवड्याभरात मेल्या. मी पुन्हा आणल्या. उपेंद्र फोनवर विचारायचा, आणि मी ठणठणीत आहेत म्हणायचे.

पुढच्या खेपेला कोयंडेबाईंनी माझ्यापुढे पिशवीच धरली नाही. "तुम्ही खाता का हो त्यांना?" त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगून टाकलं, पैजेसकट. त्यांनी एवढंच विचारलं की मासे कसे आहेत? मी म्हटलं, धडधाकट. त्या म्हणाल्या, मग उद्या टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन या.

त्याच रात्री उपेंद्रचा फोन आला. तो दोनच दिवसांनी दिवाळीला येत होता. परतीची दोन तिकिटं काढली होती. हरलो तर एक रद्द करेन म्हणाला, आणि मग जरा थांबून म्हणाला, "ताई, मला जिंकायची हौस नाही गं. मला झोप येत नाही. ते तिथे एकटे आहेत आणि मी इथे चौदाव्या मजल्यावर जागा असतो." तेव्हा मला कळलं की आम्ही दोघं एकाच बापाची पोरं आहोत.

तो यायच्या आदल्या दिवशी मी बाटली घेऊन गेले. बाईंनी पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात कसलेसे थेंब टाकले आणि नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. रंग चढत गेला.

"तांबं आहे यात," त्या म्हणाल्या. "मासे सोसतात. पण ज्यांना हाडं नाहीत त्यांना तांबं म्हणजे विष. आणि ते पाण्याबरोबर उडून जात नाही, साचत जातं. एकदा घातलेलं नाही हे. कोणीतरी थोडं थोडं घालतंय."

कोणीतरी म्हणजे नानाच. त्या घरात दुसरं होतं कोण? बाईंनी विचारलं, माशांचं औषध घातलंत? टाकीत नाणं टाकलं कोणी, नदीत टाकतात तसं? मी तिथून थेट नौपाड्याला गेले. वाळू चाळली, नाणं नव्हतं. औषध नव्हतं. मशीनचा नळ प्लॅस्टिकचा. नानांना विचारलं, टाकीत पाणी कुठलं घालता? मशीनचं, ते म्हणाले. दुसरं काही? दुसरं कशाला घालेन, ते म्हणाले, आणि आता सरळ चिडले. चिडले म्हणजे लपवतायत, असं मला वाटलं. मग वाटलं, लपवत नाहीत, त्यांना आठवतच नाहीये. यातलं दुसरं जास्त वाईट होतं. मी घरी फोन करून सांगितलं की आज इथेच राहते.

सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. बाहेर येऊन आधी टाकीत पाहिलं. कोलंबी वाळूवर आडवी पडली होती आणि तिचे पाय हलत होते, पण उगाच, कुठेही न नेणारे. काचेवर एकही गोगलगाय नव्हती, खेकडेही गेले होते. तेवढ्यात नाना आतून आले. हातात आईचा तांब्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला. डाव्या हाताने त्यांनी टाकीचं झाकण उचललं.

"नाना, थांबा. ते काय आहे?"

"पाणी. कमी झालंय की रात्रीत."

"कुठलं पाणी?"

"मशीनचंच गं." ते टाकीकडे बघत म्हणाले, "रात्रभर तांब्यात ठेवलेलं. हिचं."

ओट्याच्या कोपऱ्यात दोन तांबे मला आठवतं तेव्हापासून होते. एकावर नानांचं नाव कोरलेलं, एकावर आईचं. इतके कायमचे, की आदल्या संध्याकाळी सगळं घर पालथं घालताना माझी नजर त्यांच्यावरून सहज पुढे गेली होती. आई रोज रात्री दोन्ही भरून ठेवायची आणि सकाळी उपाशी पोटी दोघं आपापलं पाणी प्यायचे. पोटाला चांगलं म्हणून. त्याशिवाय त्यांची सकाळ व्हायची नाही.

"ती गेल्यावर मी एकच भरायला घेतला," नाना म्हणाले. "तर दुसरा रिकामा दिसायचा. म्हणून दोन्ही भरतो. माझं मी पितो. हिचं मोरीत कसं ओतू? आधी कुंड्यांना घालायचो, पण रोज घालून झाडंच कुजली. मग ही टाकी आली. बाई म्हणाल्या, रोज गोडं पाणी लागतं. म्हटलं बरं झालं, हिच्या वाटचं कोणाच्या तरी तोंडी लागेल. एक दिवस चुकलो नाही निरू. ताप होता तेव्हासुद्धा उठून घातलं."

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आधी एवढंच कळलं: बाप विसरला नव्हता. मग लगेच रडू कोसळलं, कारण हे आता त्यांना सांगायचं होतं आणि सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी त्यांच्या हातातून झाकण घेतलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाई जे म्हणाल्या ते सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं. तांबं उतरतं, मशीनच्या पाण्यात जास्तच उतरतं, माणसाला चालतं, यांना चालत नाही.

नाना ऐकत होते. तांब्या मांडीवर दोन्ही हातांत धरलेला. मग त्यांनी कोलंबीकडे पाहिलं. तिचे पाय आता थांबले होते.

"तू आणून सोडलेल्याही त्यानेच गेल्या?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"चित्रकला शिकवली मी. प्रत्येकीच्या शंखावरची रेघ वेगळी असते. मला वाटलं, तुला बरं वाटतंय तर आणू दे."

 यावर बोलायला वेळ नव्हता, कारण विमान पहाटेचं होतं आणि उपेंद्र कधीही दारात उभा राहणार होता. त्याला खरं सांगावं तर तो म्हणेल, बघ, गेलेल्या बायकोसाठी रोज पाणी भरून ठेवतात, आता तरी पटलं का? न सांगावं तर समोर मेलेली टाकी होतीच, आणि शब्द दिलेला होता. कुठूनही हिशेब केला तरी नाना घर हरत होते. मी ठरवलं की दोष माझ्यावर घ्यायचा. तांब्याची तार म्हणायची, किंवा चुकीचं औषध, काहीही. ठरेपर्यंत बेल वाजली.

उपेंद्र बॅग घेऊन आत आला, नानांच्या पाया पडला आणि सरळ उभा राहिला तो टाकीसमोरच. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, दगडांमागे डोकावलं.

"एकही नाही?" त्याने विचारलं.

"उपेंद्र, त्याचं काय झालं, माझ्या हातून..."

"खोटं बोलू नकोस निरू," नाना म्हणाले. आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा. "मी मारल्या. मला ठाऊक नव्हतं, पण मीच मारल्या. रोज रात्री तुझ्या आईचा तांब्या भरतो आणि सकाळी ते पाणी टाकीत ओततो. तांब्याचं पाणी त्यांना विष असतं. हरलो मी. दुसरं तिकीट रद्द करू नकोस, येतो."

नानांनी मांडीवरचा तांब्या किंचित वर उचलला.

"हा तांब्या तेवढा बरोबर घेईन," नाना म्हणाले. "तुमच्याकडे सकाळी हे पाणी कुठे ओतायचं, ते तू मला दाखव."

 उपेंद्रने बॅग खांद्यावरून उतरवली, नानांच्या मांडीवरचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. भांड्याला तोंड लावून प्यायलेलं आईला अजिबात खपायचं नाही. तो थांबला नाही, श्वासही न घेता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. थोडं शर्टावर सांडलं. रिकामा तांब्या त्याने ओट्यावर नेऊन ठेवला, दुसऱ्याच्या शेजारी. नाना माझ्याकडे बघत होते. मी मेलेली कोलंबी काढायला कागदी रुमाल शोधायला लागले.

मग उपेंद्र बाहेर आला. डोळे लाल होते, पण आवाज त्याचा नेहमीचा, तोडगा काढतानाचा.

"ते तांबं काढायचं कसं?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं की बाई म्हणाल्या, पाणी बदलावं लागेल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि तांबं शोषून घ्यायला आत कोळसा ठेवावा लागेल. मग पाणी तपासायचं, आणि स्वच्छ निघालं की नवीन गोगलगायी. म्हणजे दिवाळीच्या पुष्कळ नंतर.

उपेंद्रने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विचारलं, "बादल्या कुठे आहेत?"

नाना खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी माझा हात धरला नाही. माळ्याखालच्या बादल्या त्यांनी बोटाने दाखवल्या, सलाईनच्या नळीची गाठ सोडायला घेतली, आणि उपेंद्र टाकीत हात घालतोय हे बघून एकदम खेकसले.

"आधी हात धू. नुसत्या पाण्याने. साबण लावशील तर याद राख."

"बरं नाना," उपेंद्र म्हणाला आणि हात धुवायला गेला.